विम्बल्डन दाखवणारा अनसिंगचा टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझ्या चित्रात रंग नाहीत आणि मला लांबून चालवणारं बटणही नाही. माझं अंग लाकडाचं आहे. तोंडावर दोन सरकती दारं आहेत आणि उजव्या बाजूला कटकट आवाज करत फिरणारं एक चक्र आहे. सध्या मी वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगला, ग्यानबाच्या घरात भिंतीला टेकून उभा असतो. माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आहे आणि त्या रुमालावर घरातला नवा, पातळ, रंगीत टीव्ही ठेवलेला आहे. म्हणजे आता मी टीव्ही कमी आणि टेबल जास्त. तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यासमोर बसून जी माणसं खेळ बघत आली, त्यांचा मला फार अभिमान आहे. आज तुम्हाला त्यांचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगार बायांपैकी एकीनं माझ्या पोटात काचेची नळी बसवली, दुसरीनं तारा जोडल्या, तिसरीनं लाकडाला चकाकी आणली. मग खोक्यात बसून मी अकोल्याच्या एका दुकानात आलो. तिथून मला धम्मरत्न मास्तरांनी घेतलं. मास्तर अनसिंगच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांची बायको सरिता दवाखान्यात नर्स होती. एसटीच्या टपावर मला चढवायला कंडक्टर तयार होता, पण सरिताबाई म्हणाल्या, "वरतं नाई ठेवाचं. धक्क्यानं फुटून जाईन." त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि अनसिंग येईपर्यंत मांडीवरच धरलं. रस्ता खड्ड्यांचा होता. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या असतील, पण माझ्या काचेला चरा गेला नाही.

घराच्या पत्र्यावर अँटेना लागला आणि मी बोलू लागलो. बातम्या, गाणी, शेतीचे कार्यक्रम, सगळं मी दाखवत असे. पण मास्तरांचा जीव होता टेनिसवर. ते स्वतः कधी टेनिस खेळले नव्हते. अनसिंगात टेनिसचं मैदानही नव्हतं. कॉलेजात असताना त्यांनी कुणाच्या तरी घरी एक सामना पाहिला आणि ते त्या खेळाच्या प्रेमात पडले. दरवर्षी जुलै महिन्यात विम्बल्डनची फायनल दाखवायचे. मास्तर त्या दिवशी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून माझ्यासमोर बसायचे, जणू त्यांना स्वतःलाच मैदानात उतरायचं होतं.

अशाच एका संध्याकाळी ग्यानबा दारात आला. ग्यानबाचं गावाजवळ भाजीचं वावर होतं. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर असं तो पिकवायचा आणि मास्तरांच्या घरी भाजीची जुडी स्वतः आणून द्यायचा. जुडी हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं चेंडू इकडून तिकडे मारत होती आणि माझ्यातून चेंडूच्या टप्प्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

ग्यानबा म्हणाला, "मास्तर, टीव्हीचा आवाज गेला वाट्टे!" आणि त्यानं माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या.

"अरे, मारू नको त्याले," मास्तर हसले. "आवाज गेला नाई. बोलनारा मानूस थांबला हाय. चेंडू चालू असला की थो बोलत नाई."

"मंग त्याले पगार कायचा भेटते?"

"कवा बोलाचं नाई, हे समजते त्याचा."

तेवढ्यात चेंडू एकाला हुकवून मागे निघून गेला. टाळ्या वाजल्या. टाळ्या ओसरल्यावर विलायतेतला तो माणूस इंग्रजीत दोनच वाक्यं बोलला. दवाखान्यात झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तसा त्याचा आवाज हळू होता.

"काय म्हने?" ग्यानबानं विचारलं.

"म्हने, ज्यानं मारला त्यानं तं लय सुरेख मारला. पण जो हुकला, त्यानं पळून काई कमी केली नाई."

ग्यानबानं भाजीची जुडी जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी मांडी घातली. "हारनाऱ्याचं बी नाव घेते का हा? मंग मानूस चांगला हाय. बसतो मी जरासा."

तो जो बसला, तो पुढची कित्येक वर्षं दर जुलैला तिथंच बसत राहिला.

मित्रांनो, त्या काळातल्या कॉमेंट्रीची शान मी तुम्हाला कशी सांगू? बोलणारी माणसं कमी बोलत आणि मोजकं बोलत. खेळाडूचं नाव आदरानं घेत. कुणी चुकलं तर हसत नसत. 'त्यांना हा फटका पुन्हा मारायला आवडेल' एवढंच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला चूक समजत असे. मास्तर ते सगळं ऐकत आणि चेंडू थांबला की आपल्या वऱ्हाडीत ग्यानबाला सांगत. पुढे पुढे तर ते नुसतं भाषांतर करत नसत. स्वतःला दिसलेलंही सांगत. "पाह्य ग्यानबा, हा आता मांगं सरकला. याले भेव हाय का समोरचा जोरात मारीन." आणि समोरचा खरोखर जोरात मारायचा.

ग्यानबाला खेळाडूंची नावं म्हणता येत नसत. त्यानं आपली नावं ठेवली होती. एक होता दाढीवाला, एक पट्टीवाला, एक लाल केसाचा. माझ्यात तर रंग नव्हते. केस लाल आहेत हे मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि ग्यानबानं ते डोळे झाकून मान्य केलं होतं. गुण मोजताना शून्याला 'लव' म्हणतात आणि लव म्हणजे प्रेम, हे कळलं तेव्हा तर तो खूप हसला. त्याची बायको रुख्मिणी सरिताबाईंबरोबर स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "म्हंजे ज्याच्यापाशी काईच नाई, त्याच्यापाशी प्रेम हाय. आपलं बराबर हाय मंग."

रुख्मिणी म्हणाली, "बोलू नका जास्त. चेंडू चालू हाय."

घरभर हसू झालं. मास्तरांचा नियम आता सगळ्यांनाच पाठ झाला होता.

कधी ऐन रंगात आलेल्या सामन्यात लाईट जायची. माझा पडदा बारीक होत होत एका ठिपक्यात विझायचा. मग दोघं अंगणात बसून कोण जिंकलं असेल यावर वाद घालायचे. ग्यानबा दाढीवाल्याच्या बाजूनं, मास्तर पट्टीवाल्याच्या. वाद घालतानाही मास्तर दाढीवाल्याचे गुण सांगायचे आणि ग्यानबा पट्टीवाल्याचे. असा वाद मी तरी दुसरीकडे कुठं ऐकला नाही.

एका वर्षी बायकांच्या फायनलमध्ये हरलेली खेळाडू बक्षीस घेताना रडू लागली. बक्षीस देणाऱ्या बाईंनी तिला खांद्याशी धरलं. विलायतेतला तो माणूस त्या वेळी एक अक्षर बोलला नाही. मास्तरही बोलले नाहीत. मी समोर बघितलं. ग्यानबा पंच्यानं डोळे पुसत होता. माझ्या काचेतून इतक्या लांबचं दुःख अनसिंगच्या एका भाजीवाल्यापर्यंत पोचलं, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

अनसिंगात तेव्हा व्हॉलीबॉलचे सामने मोठे व्हायचे. इंझोरी, किन्हीराजा अशा गावांचे संघ यायचे. मैदानावर भोंगा लागायचा. एका वर्षी माईकवर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मास्तरांना बसवलं. मैदान घरापासून जवळ होतं, खिडकी उघडी असायची. मी घरात बसून सगळं ऐकत असे. चेंडू हवेत असला की भोंगा गप्प. चेंडू पडला की मास्तरांचा आवाज यायचा: "इंझोरीच्या साहेबरावांनी उंच उडी घेतली. अनसिंगनं चेंडू उचलायची शिकस्त केली. दोन्ही संघांसाठी टाळ्या." सुरुवातीला लोकांना चुकल्यासारखं वाटलं. मग सवय झाली. घराघरातल्या बाया हातातलं काम ठेवून खिडकीशी यायच्या. न पाहता त्यांना सामना दिसायचा. बाहेरगावचे संघ म्हणायचे, "अनसिंगले हारलो तरी मान भेटते."

ग्यानबाचा मुलगा लखीराम तेव्हा विशीत होता. उंच, काटक, शांत स्वभावाचा. अनसिंगच्या संघाचा तो आधार होता. मास्तर माईकवर त्याचं नाव घेत, तेव्हा ग्यानबा मैदानाच्या कडेला छाती फुगवून उभा राहायचा, असं सरिताबाई घरी येऊन सांगत.

मग ती फायनल आली. अनसिंग आणि किन्हीराजा. सगळं गाव मैदानावर गेलं होतं. घरात मी एकटा होतो आणि खिडकीतून भोंगा ऐकत होतो. सामना बरोबरीत शेवटपर्यंत गेला. अनसिंगला जिंकायला एक गुण हवा होता. भोंगा गप्प झाला, म्हणजे चेंडू हवेत होता. मग एकदम प्रचंड ओरडा झाला. ढोल वाजू लागला. मला वाटलं, जिंकलो.

पण मास्तरांचा आवाज आला नाही. ढोल वाजत राहिला. बऱ्याच वेळानं भोंग्यातून ते म्हणाले, "किन्हीराजाचा फटका मैदानाबाहेर पडला. पंचांनी गुण अनसिंगला दिला आहे. पंचांचा निर्णय आपल्याला मान्य आहे." ते थांबले. मग म्हणाले, "चेंडू लखीरामच्या बोटाला लागून बाहेर गेला की काय, हे एकटा लखीरामच सांगू शकेल. तो जे सांगेल ते आपण सगळे मानू."

ढोल थांबला. खिडकीबाहेर मला पाखरांचे आवाज ऐकू येऊ लागले.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "लखीरामनं हात वर केला आहे."

चेंडू बोटाला लागला होता, म्हणून गुण किन्हीराजाला गेला. पुढचे दोन गुणही त्यांनीच घेतले. अनसिंग हरलं. भोंग्यातून शेवटचं ऐकू आलं ते असं: "किन्हीराजाचं अभिनंदन. लखीराम, तुझ्या हाताला माझा सलाम." त्यावर शिट्ट्या झाल्या आणि कुणीतरी माईकची तार ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्यानबा आला. त्याच्या हातात भाजी नव्हती. तो आत आला नाही, उंबऱ्यापाशीच थांबला.

"मास्तर, पंचानं पाइंट देल्ला होता. तुमाले बोलाचं काय काम होतं?"

"मी त्याच्यावर आळ नाई घेतला, ग्यानबा. मी त्याले इचारलं."

"भोंग्यावरून इचारलं! साऱ्या गावापुढे! मंग पोरगं काय नाई म्हननार होतं? रस्त्यानं पोट्टे त्याले 'बोटवाला' म्हनून चिडवून राह्यले. कालपासून थो जेवला नाई."

मास्तर उठून उंबऱ्याकडे आले.

"तुमी दोनी बाजूचं भलं पाहाले गेले," ग्यानबा म्हणाला, "अन् त्याच्यात माहं पोरगं गेलं. आजपासून तुमी तुमच्या घरी, मी माह्या घरी."

तो गेला. मास्तरांनी माझी दोन्ही दारं हळूच ओढून घेतली. त्यानंतर त्यांनी माईक हातात धरला नाही. मैदानावर दुसरे लोक बोलू लागले. ते चेंडू हवेत असतानाही बोलत, सिनेमातले संवाद म्हणत, कुणी पडलं की हसत. गर्दीला मजा येई. मास्तर मात्र सामने असले की खिडकी लावून घेत.

पुढे मास्तरांच्या घरी रंगीत टीव्ही आला. मला भंगारात द्यायचं चाललं होतं. पण सरिताबाईंनी ठामपणे नाही म्हटलं. त्यांनी रुख्मिणीला बोलावून घेतलं. दोघींचं येणं-जाणं कधीच थांबलं नव्हतं. "ह्या दोघायचं भांडन ह्या दोघायपाशी राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा टीव्ही तुमी न्या. ग्यानबाभाऊनं याच्यावर लय टेनिस पाह्यलं हाय."

अशा रीतीनं बैलगाडीत बसून मी ग्यानबाच्या घरी आलो. त्यानं मला बघितलं आणि तो वावरात निघून गेला. पण जुलै आला, फायनलचा दिवस आला, आणि तो वावरातून लवकर परतला. हातपाय धुऊन त्यानं माझं चक्र फिरवलं आणि समोर एकटाच बसला. इंग्रजी त्याला कळत नव्हतं. चेंडू थांबला की त्याचे ओठ हलायचे.

रुख्मिणीनं विचारलं, "काय पुटपुटून राह्यले?"

"काई नाई," तो म्हणाला. "मास्तर असते तं आता काय बोलले असते, थे पाहून राह्यलो."

"मंग जाऊन या ना त्याइच्या घरी."

त्यावर त्यानं माझा आवाज वाढवला.

मित्रांनो, वर्षं सरली. लखीरामचं लग्न झालं. किन्हीराजाहून स्वतःहून स्थळ चालून आलं आणि मंजुषा या घरात सून म्हणून आली. वावर आता लखीराम बघू लागला. माझ्या अँटेनावर चित्र यायचं बंद झालं. नवा टीव्ही माझ्या डोक्यावर बसला. पोटातल्या तारांवर धूळ साचली. मंजुषा मात्र दर सणाला माझी दारं ओल्या फडक्यानं पुसते.

आणि मग ग्यानबाचे डोळे अधू होऊ लागले. सुरुवातीला त्याला बाजूचं दिसेना. मग समोरचंही अंधुक झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब घालून उरली तेवढी टिकवायची. पण उरली होती ती नावापुरतीच. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळे.

ज्या माणसानं पानाच्या रंगावरून पिकाला पाणी कधी द्यायचं ते ओळखलं, तो आता भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागला. वावरात चला म्हटलं तर म्हणायचा, "जाऊन काय करू? मले काय दिसते?" कुणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग घ्यायचा. जेवण निम्मं झालं. रुख्मिणी त्याच्या खाटेजवळ बसून पालक निवडायची आणि मधूनच तिचे हात थांबायचे. घरातला एक माणूस घरात असून निघून चालला होता. मी हे सगळं रोज बघत होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी लखीराम लवकर घरी आला. टेनिसची मोठी मॅच होती. बाबांना बरं वाटेल म्हणून त्यानं नवा टीव्ही लावला. माझ्या डोक्यावर एकदम गलका सुरू झाला. तिघं जण एकाच वेळी बोलत होते. एक जण कुठल्यातरी हॉटेलातल्या जेवणाबद्दल सांगत होता, दुसरा हसत होता, तिसरा आकडे वाचत होता.

ग्यानबा थोडा वेळ ऐकत राहिला. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "बंद कर थे. तिघंबी बोलून राह्यले, पण चेंडू कुठी हाय थे कोनीच सांगून नाई राह्यलं."

लखीरामनं आवाज बंद केला. "थांबा बाबा, मी सांगतो. यानं मारला. आता त्यानं मारला. आता पुन्हा यानं मारला."

ग्यानबा हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. "राहू दे बापा. तुह्यापेक्षा तं भिंत बरी."

लखीराम खाटेवर टेकला. "धम्मरत्न सरले बोलावू का?"

ग्यानबाचं हसू गेलं. "नाव नोको काढू. त्या मानसानं साऱ्या गावापुढे तुही इज्जत घेतली."

"बाबा, तुमी मले कदी इचारलं का?"

"काय इचाराचं?"

"का त्या दिवशी काय झालं." लखीरामचा आवाज वाढला नाही, पण तो थांबलाही नाही. "चेंडू माह्या बोटाले लागला होता. मले मालूम होतं. ढोल वाजून राह्यला होता, पोट्टे मले खांद्यावर घेऊन राह्यले होते, अन् मी माहं बोट मुठीत दाबून धरलं होतं. हात वर करावं वाटे, पण कोनी पाहेच ना. सरनं इचारलं तवा मले मोकळं झाल्यावानी वाटलं. थे इचारत नसते, तं मी जनमभर थे बोट लपवत फिरलो असतो."

"मंग जेवला काहून नवता तू?"

"हारलो होतो म्हनून. त्याच्यात सरचं काय?"

ग्यानबा उठून बसला. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मंजुषा डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मामाजी, एक सांगू? माहा मोठा भाऊ त्या दिवशी किन्हीराजाकडून खेळत होता. फटका त्यानंच मारला होता. घरी आल्यावर कप बाजूले ठेवला अन् बाबाले म्हने, अनसिंगात एक पोरगा हाय, त्यानं जितलेला सामना हात वर करून सोडून देल्ला. आपली मंजू अशाच घरी द्याची. म्हनून आमच्याइकडून स्थळ आलं."

ग्यानबाचं तोंड उघडं राहिलं. "थे तं मले वाटलं, आपल्या वांग्याची कीर्ती ऐकून आले."

"वांगे नंतर खाल्ले," मंजुषा म्हणाली.

रुख्मिणीनं पालकाची पाटी बाजूला सारली. तिला हसावं की रडावं कळेना. ग्यानबा कितीतरी वेळ हातानं खाटेची दोरी चाचपत राहिला. मग म्हणाला, "लखीराम, त्याइले म्हन, मी बोलावलं. नाई, असं नोको म्हनू. त्याइले म्हन, ग्यानबाले मॅच समजून नाई राह्यली."

लखीराम धावतच गेला. मास्तर आले. काठी टेकत, एका हाताला सरिताबाई. केस पार पांढरे झाले होते. आणि मित्रांनो, अंगात पांढरा सदरा होता. मॅच होती ना!

दोघं समोरासमोर आले. कुणी माफी मागितली नाही. ग्यानबानं खाटेवर आपल्या शेजारी हात थोपटला. मास्तर तिथं बसले.

"मी कईपासून माईक धरला नाई, ग्यानबा," ते म्हणाले. "आता जमते का नाई, कोनाले मालूम."

"माईक कायले पाह्यजे? मी हातभर अंतरावर तं हाय."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि माझ्या डोक्यावरच्या पडद्याकडे बघितलं. पहिला चेंडू झाला, ते बोलले नाहीत. दुसरा झाला. चेंडू थांबला, तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"पाह्य ग्यानबा. गवत मधात हिरवं हाय, पण मांगच्या रेषेपाशी पार उडालं. तिथं माती दिसते, आपल्या बैलाच्या वाटेवानी. डाव्या बाजूचा पोरगा उंच हाय. मारतानी हसत नाई. उजव्या बाजूचा ठेंगणा हाय, पण त्याचे पाय पाह्य. भुईले लागतच नाई."

"कोन पुढे हाय?"

"उंच पुढे हाय. पण ठेंगणा घाबरला नाई. थांब आता."

चेंडू चालू झाला. मास्तर गप्प झाले. घरात फक्त श्वास ऐकू येत होते. ग्यानबानं मान थोडी तिरपी केली होती आणि त्याची बुबुळं पापण्यांखाली डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होती. मी समोरून ते स्पष्ट पाहिलं. त्याला दिसत होतं.

"ठेंगणा जाळीपाशी आला होता," मास्तर हळूच म्हणाले. "उंच वाल्यानं डोक्यावरून टाकला. थो पाठमोरा पळाला, अन् मांगं न पाहता दोन पायाच्या मधातून मारला."

"भेटला?"

"जाळीत गेला. पण उंच वाला सोता टाळ्या वाजवून राह्यला."

"वा!" ग्यानबानं मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठे! मास्तर, मी ठेंगण्याच्या बाजूनं."

"मंग मी उंच वाल्याच्या."

सामना चालू राहिला. शेजारचे लोक भिंतीवरून डोकावले, मग अंगणात आले, मग आत येऊन जमिनीवर बसले. टीव्हीचा आवाज लावा असं कुणी म्हटलं नाही. शेवटी ठेंगणा हरला. मास्तरांनी जिंकणाऱ्याचं कौतुक केलं आणि ते थांबले.

ग्यानबानं विचारलं, "हारला त्याचं तोंड कसं हाय?"

मास्तरांनी नीट बघितलं. "घामानं भिजलं हाय. डोळे लाल हायेत. पण मान वर हाय, ग्यानबा. दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकून काईतरी सांगून राह्यला, अन् दोघंबी हसून राह्यले."

"सांगतलं ना," ग्यानबा म्हणाला, "पोरगं चांगल्या घरचं हाय." आणि त्यानं हात पुढे करून मास्तरांचा हात शोधला. सापडल्यावर तो बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवसापासून मास्तर रोज संध्याकाळी येतात. टेनिस रोज नसतं, पण सांगायला खूप असतं. कोणाच्या दारात नवी सून आली, आभाळ कुठल्या बाजूनं भरलं, समोरच्या भिंतीवर कोणतं पाखरू बसलं, हे सगळं मास्तर सांगतात आणि ग्यानबा ऐकतो. आता तो त्यांचा हात धरून वावरातही जातो. मास्तरांना भाजीतलं काही कळत नाही. ते मिरचीला वांगं म्हणतात, ग्यानबा पान चोळून वास घेतो आणि त्यांना चिडवतो, असं रुख्मिणी सांगते. त्याचं जेवण पूर्वीसारखं झालं आहे. खाट आता भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका. माझं तसं काही मागणं नाही. मंजुषा मला पुसते, तेवढं पुरे. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, ज्याला आता नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, तर त्याच्या खाटेपाशी जाऊन बसा. समोर काय चाललं आहे ते त्याला सांगा. हळू सांगा, खरं सांगा, आणि कुणी हरलं असेल तर त्याच्याबद्दल दोन चांगले शब्दही सांगा. ते ऐकायला तो माणूस कधीपासून वाट बघत बसलेला असेल.